कवटीचे श्वसन आणि दोन हातांची साक्ष

अमेरिकेच्या मिसुरी प्रांतातील कर्कस्व्हिल या लहानशा गावी अँड्र्यू टेलर स्टिल यांनी १८९२ साली ऑस्टिओपॅथीचे, म्हणजे हाडे व स्नायू हातांनी हाताळून उपचार करण्याच्या पद्धतीचे, विद्यालय स्थापिले. १८६४ मध्ये मेंदूज्वराने तीन अपत्ये हिरावून नेल्यानंतर या वैद्याची तत्कालीन औषधोपचारांवरील श्रद्धा ढळली होती; आणि पारा व तीव्र रेचके यांचा त्या काळी किती सढळ वापर होत असे हे ज्यांस ठाऊक आहे, त्यांस ती ढळली याचे नवल वाटणार नाही.

याच विद्यालयात, शतक सरता सरता, विल्यम गार्नर सदरलँड नावाचा, पूर्वी वृत्तपत्राच्या कचेरीत उमेदवारी केलेला एक विद्यार्थी सुटी करून मांडलेली मानवी कवटी न्याहाळत असता, शंखास्थी व जतुकास्थी या कवटीच्या हाडांच्या तिरप्या कडा पाहून त्याच्या मनात आले, की माशाच्या कल्ल्यांप्रमाणे दिसणाऱ्या या कडा हालचालीसाठी, किंबहुना एखाद्या श्वसनासाठीच घडविल्या गेल्या असल्या पाहिजेत. ही कल्पना त्याला स्वतःलाच वेडगळ वाटली, म्हणून तिचे खंडन करण्यासाठी त्याने आपल्याच मस्तकाभोवती चामडी पट्टे व शिरस्त्राणे आवळून कवटी जखडली असता देहावर व मनावर काय परिणाम होतो याचा शोध आरंभिला. या प्रयोगांतील धैर्याविषयी मला मनःपूर्वक आदर वाटतो. परंतु प्रयोग करणारा, सोसणारा आणि त्याचा निवाडा देणारा इसम एकच होता, ही त्यांतील उणीव पुढे शतकभर या कल्पनेतून निघालेल्या शास्त्राचा पिच्छा पुरवीत राहिली.

१९३९ मध्ये सदरलँड यांनी ‘द क्रेनियल बोल’ हे छोटे पुस्तक प्रसिद्ध केले. मेंदूचे अंगभूत स्पंदन, मस्तिष्कमेरुद्रवाची भरतीओहोटी, आवरणांचा ताण, कपालास्थींची हालचाल आणि कण्याच्या तळाशी असलेल्या त्रिकास्थीचे डोलणे या पाच अंगांची मिळून एक ‘प्राथमिक श्वसनयंत्रणा’ त्यांनी कल्पिली, आणि तिची मिनिटास सुमारे १० ते १४ आवर्तनांची लय निष्णात हातांना कळते, असे त्यांचे अनुयायी पुढे सांगू लागले. यातील सर्वच निराधार नव्हते. हृदयाच्या ठोक्याबरोबर मेंदू किंचित स्पंदतो, हे इटलीतील आंजेलो मोस्सो यांनी एकोणिसाव्या शतकातच कवटीस भोक पडलेल्या रुग्णांत नोंदिले होते. मात्र जतुकास्थी व पश्चकपालास्थी यांमधील जो सांधा या मतात साऱ्या हालचालीची कळ मानला गेला, तो तारुण्यात पदार्पण होता होता हाडाने भरून एकसंध होतो, ही शारीरशास्त्राची हरकत आजवर कोणास समाधानकारकपणे दूर करता आलेली नाही.

तथापि माझ्या मते या वादाची खरी शहानिशा हाडांवर झाली नाही, हातांवर झाली. लय रोग्याच्या देहात असेल, तर दोन चिकित्सकांना ती सारखीच जाणवली पाहिजे. १९९४ मध्ये अमेरिकेत तिघा तज्ज्ञांनी १२ व्यक्तींची ही लय मोजली, तेव्हा त्यांच्या आकड्यांतील मेळ जवळजवळ शून्य निघाला. पुढे २००१ मध्ये ऑस्ट्रेलियातील मोरान व गिबन्स यांनी दोन ऑस्टिओपॅथांकडून एकाच वेळी मस्तक व त्रिकास्थी तपासविली. एकाच हाताची पहिली व दुसरी नोंद बऱ्यापैकी जुळे, पण एकाचा आकडा दुसऱ्याच्या आकड्याशी जुळेना; आणि जी दोन टोके एकाच तालावर हालावयाची, तीही परस्परांशी जुळेनात. हात प्रामाणिक होते, हे या कागदांवरून उघड दिसते. त्यांना काहीतरी जाणवत होतेच. मेन प्रांतातील एका ऑस्टिओपॅथी महाविद्यालयातील शरीरक्रियाशास्त्रज्ञ जेम्स नॉर्टन यांनी तर्क केला, की चिकित्सकाच्या स्वतःच्या नाडीश्वासाचे व रोग्याच्या नाडीश्वासाचे मिश्रणच बोटांखाली लय म्हणून उमटत असावे. उलटपक्षी नेल्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्येच लेझर यंत्राने रक्तप्रवाह मोजून ही लय रक्तदाबाच्या संथ चढउतारांशी, म्हणजे ट्रॉबे-हेरिंग-मेयर आंदोलनांशी, निगडित असल्याचा दावा मांडला, आणि ते संशोधन ऑस्टिओपॅथीच्याच नियतकालिकाने छापिले.

हे सारे परीक्षण पुष्कळ अंशी त्या पंथाच्या घरातूनच झाले, हे मला अत्यंत मोलाचे वाटते. नॉर्टन यांचे सहकारी स्टीव्ह हार्टमन यांनी तर २००६ मध्ये, या लयीवर आधारलेल्या उपचाराचा प्रत्यक्ष गुण सिद्ध होईतो हा विषय अभ्यासक्रमांतून काढावा व विमा कंपन्यांनी त्याचे पैसे देऊ नयेत, अशी स्पष्ट शिफारस केली. अमेरिकेतील ऑस्टिओपॅथी महाविद्यालयांनी ती मानली नाही. तेथे तो विषय आजही शिकविला जातो.