गिरणगावातील मैदाने आणि शाहिरी परंपरा

परळ-लालबागच्या कलाजीवनाचा विचार करताना अभ्यासकांची दृष्टी प्रथम दामोदर नाट्यगृहाकडे वळते. ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने १९२२ मध्ये उभारलेल्या या वास्तूने कामगार रंगभूमीला हक्काचे छत दिले, हे निर्विवाद आहे. तथापि, बहुसंख्य गिरणी कामगारांची कला उघड्यावरच वाढली. दहा बाय दहाच्या खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या माणसांना एकत्र बसून काही ऐकायचे तर चाळीचे पटांगण किंवा मैदान एवढीच जागा होती. कोकणातून आलेल्यांनी तेथे नमन व जाखडी आणली, तर घाटावरच्यांनी तमाशा.

या मोकळ्या जागेने कलेचे रूपही घडविले. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक सुरू केले. पडदा, नेपथ्य, तिकीटखिडकी यांपैकी काहीच हाताशी नसल्याने डफ, तुणतुणे आणि खड्या आवाजाचे झीलकरी यांवरच सारी भिस्त होती. अमर शेखांच्या पहाडी आवाजाचे कौतुक नेहमी होते; पण असा आवाज ही केवळ दैवी देणगी नसून मैदानाची गरज होती, हे फारसे लक्षात घेतले जात नाही. मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातल्यानंतर अण्णा भाऊंनी तोच बाज ‘लोकनाट्य’ या नावाने पुढे नेला. गणातील गणेशवंदनेऐवजी मातृभूमीला वंदन केले आणि गवळणीला फाटा दिला.

परळचे कामगार मैदान, नरे पार्क आणि दादरचे शिवाजी पार्क ही मैदाने संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात (१९५६-६०) सभांनी गजबजली. या लढ्यातील सभांत वक्त्यांच्या आधी शाहीर उभे राहत. त्यांना केवळ गर्दी जमविणारे मानणे अन्यायाचे ठरेल. भाषावार प्रांतरचनेचा किचकट प्रश्न निरक्षर श्रोत्याला समजला तो मुख्यतः त्यांच्यामुळेच.

१९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि हा श्रोतृवर्ग विखुरला. त्याच वेळी सुमारे ६०० एकर गिरणी जमिनीचा प्रश्न उभा राहिला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमानुसार पुनर्विकासाच्या वेळी जमिनीचा एक तृतीयांश भाग उद्याने व मैदानांसाठी महापालिकेकडे, एक तृतीयांश गृहनिर्माणासाठी म्हाडाकडे आणि उरलेला मालकाकडे जावयाचा होता. गिरणगावाला नवी मैदाने मिळण्याची अशी संधी पूर्वी कधीच आली नव्हती. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ मोकळ्या जमिनीपुरती मर्यादित केली. गिरणीच्या इमारतींखालची जागा हिशेबातून वगळली. ‘मोकळी’ या एका शब्दाच्या अर्थाने एवढे अंतर पडले! उच्च न्यायालयाने २००५ मध्ये ही दुरुस्ती मान्य केली नाही. परंतु मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरविली. यानंतर जेथे मॉल आणि टॉवर उभे राहिले, तेथील रहिवाशांना खुल्या कार्यक्रमासाठी पुन्हा त्याच जुन्या दोन-तीन मैदानांकडे वळावे लागले. त्यांपैकी शिवाजी पार्क २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने शांतता क्षेत्र ठरले.