वाळूचे घड्याळ आणि लाल मणी

रोहिणखेड इतिहासात येते ते लढायांमुळे. १४३७ मध्ये बहमनी सरदार खलफ हसन बसरी याने येथे खानदेशच्या नसीर खानाचा पराभव केला. १५९० मध्ये येथील लढाईत निजामशाहीचा कारभार हाती असलेला जमाल खान मारला गेला. तवारिखांनी दोन्ही प्रसंग जपले.

याच वऱ्हाडात १९१८ च्या इन्फ्लुएन्झाने गेलेल्यांची नोंद मात्र बहुतांशी एकाच शब्दात संपते : ताप. मध्य प्रांत व वऱ्हाड हा देशात सर्वाधिक होरपळलेल्या प्रांतांपैकी एक. माणसे दगावली ती मुख्यतः न्यूमोनियाने. पण गावातून मृत्यूची वर्दी देणाऱ्याला वैद्यकीय ज्ञान नव्हते आणि हाताला जाणवत होता तो तापच.

श्वास मोजून काय कळले असते? श्वास घेताना छाती व पोट यांमधला पडदा खाली जातो, बरगड्या उचलल्या जातात आणि हवा आत येते. न्यूमोनियात फुफ्फुसातील वायुकोश द्रवाने भरतात, फुफ्फुस ताठर होते. मग तेवढाच प्राणवायू मिळवण्यासाठी शरीर श्वासांची संख्या वाढवते. प्रौढ माणूस विश्रांतीत मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतो. परिचारिकेला शिकवतात ते असे : पूर्ण मिनिटभर मोजा आणि मोजतो आहोत हे रुग्णाला सांगू नका, नाडी पाहत असल्यासारखे मनगट धरून ठेवा. (सांगितले की श्वास बदलतो. स्वतःवर करून पाहा.) संख्येबरोबरच श्वासाची खोली आणि लय पाहायची, नाकपुड्या फुलतात का, बरगड्यांखालची जागा आत ओढली जाते का, ओठ निळसर झाले आहेत का, हेही.

यासाठी लागते ते घड्याळ आणि मोजता येणारा माणूस. खेड्यात अनेकदा दोन्ही नसत.

ही अडचण विदर्भाच्याच दुसऱ्या टोकाला, गडचिरोलीत, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी सोडवली. त्यांनी एक ‘श्वासमापक’ तयार केला : एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मण्याची पाळी आली, तर न्यूमोनिया समजायचा. दोन महिन्यांखालील बाळासाठी ही मर्यादा ६० श्वासांची. दहापलीकडे मोजता न येणाऱ्या दाईलाही हे जमते. माझ्या मते १९१८ च्या वऱ्हाडात नेमके हेच नव्हते. अर्थात, नुसत्या मोजणीने तेव्हा कोणी वाचले नसते. प्रतिजैविके यायची होती.

गडचिरोलीत मोजणीपाठोपाठ गावातच औषध मिळत होते. १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, उपचार पोहोचलेल्या गावांत पाच वर्षांखालील दर हजार मुलांमागे न्यूमोनियाचे मृत्यू ८.१ होते; इतर गावांत १७.५.