बरोसाची ग्रेनाश : शंभर वर्षांच्या झुडपी वेलींची लाल वाईन

दक्षिण ऑस्ट्रेलियातील बरोसा खोऱ्यात काही द्राक्षबागा अशा आहेत, की पहिल्यांदा पाहणाऱ्याला त्या द्राक्षबागा वाटतच नाहीत. तिथे मांडव नाही, तारा नाहीत, लोखंडी अँगलही नाहीत. जमिनीत जाड, पिळवटलेली, बुटकी खोडे सुटी सुटी उभी असतात. त्यांतली काही शंभर वर्षांहून जुनी आहेत. या वेलींच्या द्राक्षांपासून ‘ग्रेनाश’ ही लाल वाईन बनते. आज तिला जगभर मान आहे. पण १९८० च्या दशकात याच वेली उपटून टाकण्यासाठी सरकार शेतकऱ्यांना पैसे देत होते.

झुडपी वेल म्हणजे काय?

महाराष्ट्रात नाशिक, सांगली, सोलापूर भागात द्राक्षवेल मांडवावर किंवा ‘वाय’ आकाराच्या आधारावर चढवतात. झुडपी पद्धतीत असा आधार नसतो. खोड गुडघा ते कमरेएवढ्या उंचीवर रोखले जाते आणि त्यातून चारी बाजूंना आखूड फांद्या राखल्या जातात. दर हिवाळ्यात या फांद्यांवरच्या काड्या एक-दोन डोळे ठेवून छाटतात. कालांतराने वेलीला उभ्या पेल्यासारखा आकार येतो. भूमध्य समुद्राच्या काठच्या देशांत ही पद्धत प्राचीन काळापासून चालत आली आहे.

कोरड्या, उष्ण हवेत या आकाराचे फायदे आहेत. वेल लहान असल्याने तिला पाणी कमी लागते. भोवतीच्या पानांची सावली घडांवर पडते आणि मणी उन्हाने भाजत नाहीत. ग्रेनाश जातीची काडी ताठ आणि दणकट असते, त्यामुळे आधाराशिवायही वेल वाऱ्यात टिकते. तोटा खर्चाचा आहे. अशा बागेत तोडणी यंत्र चालत नाही. छाटणीही हातानेच करावी लागते, तीही वाकून.

या वेली इथे कशा आल्या?

ग्रेनाश मूळची स्पेनची. तिकडे तिला ‘गार्नाचा’ म्हणतात. १८३६ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियाची वसाहत स्थापन झाली आणि १८४० च्या दशकात सायलेशियातून आलेली जर्मन भाषक लुथरन कुटुंबे बरोसात वसली. त्यांनी आणि इंग्रज वसाहतकारांनी युरोपातून आलेल्या काड्या लावून बागा उभ्या केल्या. लांगमाईल या वाईनरीची शिराझ जातीची एक बाग १८४३ सालची मानली जाते आणि ती आजही फळ देते.

खुद्द युरोपात मात्र त्या काळच्या बागा फारशा उरल्या नाहीत. १८६० च्या दशकात फायलॉक्सेरा ही मुळे पोखरणारी सूक्ष्म कीड अमेरिकेतून फ्रान्समध्ये पोहोचली आणि पुढच्या काही दशकांत तिने युरोपातील बहुतेक बागा नष्ट केल्या. त्यानंतर किडीला दाद न देणाऱ्या अमेरिकी खुंटावर कलम करून द्राक्षे लावण्याची रीत पडली. महाराष्ट्रात डॉगरिजसारखे खुंट वापरतात, मात्र इथले कारण प्रामुख्याने खारवट जमीन आणि पाण्याची टंचाई हे आहे.

ऑस्ट्रेलियात ही कीड १८७७ मध्ये व्हिक्टोरिया प्रांतात आढळली. दक्षिण ऑस्ट्रेलियाने १८९९ मध्ये कायदा करून वेली आणि काड्यांच्या वाहतुकीवर कडक निर्बंध घातले. कीड तिथे शिरलीच नाही. म्हणून बरोसातील जुन्या वेली कलमाविना, स्वतःच्या मुळांवर उभ्या आहेत.

उपटण्याचे अनुदान

विसाव्या शतकाचा बराच काळ बरोसाची ग्रेनाश गोड, कडक वाईनसाठी जात असे. अशा वाईनमध्ये द्राक्षाचे मद्यार्क मिसळून आंबण्याची क्रिया मध्येच थांबवतात, त्यामुळे साखर शिल्लक राहते. उशिरा पिकणाऱ्या आणि भरपूर साखर धरणाऱ्या ग्रेनाशला हे काम चांगले जमत होते.

१९७० च्या दशकात ग्राहकांची आवड बदलली. गोड वाईन मागे पडली आणि पांढऱ्या वाईनला मागणी आली. लाल द्राक्षांना गिऱ्हाईक उरले नाही. १९८० च्या दशकाच्या मध्यावर सरकारने ‘व्हाइन पुल’ म्हणजे वेल-उपटणी योजना आणली. बाग काढणाऱ्या शेतकऱ्याला हेक्टरी रक्कम मिळे. ग्रेनाश, शिराझ आणि मातारो या जातींच्या कित्येक जुन्या बागा तेव्हा गेल्या. ज्यांना भाव नव्हता आणि डोक्यावर कर्ज होते, त्या शेतकऱ्यांपुढे फारसा पर्यायही नव्हता.

काही वाईनकारांनी उलटी वाट धरली. पीटर लेहमन यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस स्वतंत्र उद्योग उभा केला, तो मुख्यतः शेतकऱ्यांची नाकारलेली द्राक्षे विकत घेण्यासाठी. चार्ल्स मेल्टन यांनी १९८० च्या दशकात जुन्या वेलींच्या ग्रेनाश, शिराझ आणि मातारोची मिश्र वाईन काढून तिला ‘नाईन पोप्स’ हे गमतीदार नाव दिले. फ्रान्समधील ‘शातनफ-द्यु-पाप’ या प्रसिद्ध वाईनच्या नावातील ‘नफ’ म्हणजे ‘नवा’, पण त्याच शब्दाचा दुसरा अर्थ ‘नऊ’ असाही होतो. अशा वाईनना गिऱ्हाईक मिळाले आणि उरलेल्या वेली वाचल्या.

जुन्या वेलीची वाईन खरेच वेगळी असते का?

ग्रेनाशची साल पातळ असते. त्यामुळे वाईनचा रंग फिकट लाल असतो. वासात स्ट्रॉबेरी, रासबेरी आणि मिरीची छटा येते. अल्कोहोलचे प्रमाण बऱ्याचदा १४ टक्क्यांच्या वर जाते. तरुण वेलीवर भरमसाट माल धरला तर हीच वाईन पाणचट लागते. म्हातारी वेल मुळातच कमी घड धरते. तिची मुळे खोल गेलेली असतात आणि जाड खोडात अन्नाचा साठा असतो, म्हणून पावसाने ओढ दिली तरी ती सहसा डगमगत नाही.

पण वय म्हणजे गुणवत्तेची हमी नव्हे. तरुण वेलीवरचा माल कमी राखूनही चांगली वाईन बनते. शिवाय वाईट जागी लावलेल्या बागा आधीच काढल्या गेल्या असणार. जी बाग शंभर वर्षे टिकली, ती बहुधा पहिल्यापासूनच चांगल्या जमिनीत होती. चवीतला नेमका किती फरक वयाचा आणि किती जमिनीचा, यावर अभ्यासकांचे एकमत नाही.

वयाची सनद

बाटलीवर ‘जुन्या वेली’ असे लिहायला बहुतेक देशांत कायद्याची व्याख्या नाही. बरोसाने २००९ मध्ये स्वतःची सनद स्वीकारली. तिच्यात चार पायऱ्या आहेत : ३५ वर्षांपुढील ‘जुनी’, ७० पुढील ‘तगलेली’, १०० पुढील ‘शतायुषी’ आणि १२५ पुढील ‘पूर्वज’. आंतरराष्ट्रीय द्राक्ष व वाईन संघटनेनेही २०२४ मध्ये जुन्या वेलीसाठी ३५ वर्षांची मर्यादा ठरवली.

सनदेमुळे वेलींची नोंद होते, पण त्यांचा खर्च निघत नाही. चीनने २०२० च्या अखेरीपासून ऑस्ट्रेलियन वाईनवर जबर शुल्क लावले आणि ते २०२४ मध्ये उठवले. मधल्या काळात ऑस्ट्रेलियात लाल वाईनचे साठे पुन्हा वाढले आणि द्राक्षांचे भाव पडले. कमी माल देणारी, हातानेच तोडावी लागणारी बाग अशा वेळी सर्वात आधी परवडेनाशी होते. वजनावर भाव ठरला तर म्हाताऱ्या वेलीचे गणित जुळत नाही. तिच्या वयाची किंमत गिऱ्हाईकाने मोजली, तरच ते जुळते.

ट्रॅक्टरला साखळी बांधून अशी वेल काढायला काही मिनिटे पुरतात. तिच्या जागी नवी लावली, तर ती ‘शतायुषी’ होताना पाहायला लावणारा शेतकरी हयात नसेल.