शिवीचं बिरुद

हनीफ मोहम्मदने 1958 साली ब्रिजटाउनला 337 धावा काढल्या, एवढ्यावर आपल्यापैकी बहुतेकांची त्या नावाशी ओळख संपते. अर्थ विचाराल तर उत्तर मिळतं, एकच ईश्वर मानणारा निष्ठावंत. ते बरोबरच आहे. पण शेजारच्या सिरियाक भाषेत याच धातूतला 'हन्पा' म्हणजे मूर्तिपूजक! रोमन सम्राट ज्युलियनने (361–363) ख्रिस्ती धर्म सोडून जुन्या देवांची कास धरली, तेव्हा सिरियाक ख्रिश्चनांनी त्याला हीच शिवी हासडली. कुराणात मात्र ती इब्राहिमची पदवी.

अरब कोशकार म्हणतात, 'हनफ' म्हणजे कलणं. पाऊल वाकडं असलेला तो 'अहनफ'. बसऱ्याचा सरदार अहनफ इब्न कैस याच व्यंगावरून ओळखला गेला. मूर्तींकडून सत्याकडे कलला तो हनीफ. व्युत्पत्ती देखणी खरी, पण मला ती मागाहून लावलेलं ठिगळ वाटते. दहाव्या शतकातल्या अरब इतिहासकार मसूदीनेच हा शब्द सिरियाकमधून आल्याचं नोंदवलंय.

खरी मेख सिरियाक बायबलात आहे. मार्कच्या सातव्या अध्यायात आजारी लेकीसाठी येशूच्या पाया पडणारी बाई मूळ पाठात 'ग्रीक' आहे. सिरियाकात ती 'हन्पेता' होते. इथे तिच्या देव्हाऱ्याशी कुणाला देणंघेणं नाही. ती ज्यू नाही, एवढंच सांगायचंय. आता कुराणाच्या तिसऱ्या सूरेतली 67वी आयत पाहा: इब्राहिम ज्यू नव्हता, ख्रिस्तीही नव्हता, तो हनीफ होता. तौरात (ज्यूंचा ग्रंथ) आणि इंजील (ख्रिस्ती शुभवर्तमान) यांच्या आधीचा माणूस कुठल्याच गोटात बसत नाही, तो 'बाहेरचा'च! फ्रान्स्वा द ब्ल्वा या अभ्यासकाने 2002 साली हाच धागा पकडला. सुंता होण्याआधीच अब्राहम, म्हणजे इब्राहिमच, ईश्वराला मान्य झाला, हा ख्रिस्ती प्रेषित पॉलचा युक्तिवादही त्याच वळणाचा.

विरोधक विचारतील, मग मूर्तिपूजेचा वास गेला कुठे? माझ्या मते गेलाच नव्हता. म्हणून तर तीच आयत लगेच बजावते की तो ईश्वराला भागीदार जोडणाऱ्यांतला नव्हता. हनीफचा अर्थ आधीपासूनच निखळ एकेश्वरवादी असता, तर हा खुलासा कशाला? निव्वळ ठासून सांगणं म्हणता येईल. पण हनीफबरोबर ही पुस्ती कुराणात पुन्हा पुन्हा येते. ज्या शब्दावर संशय असतो, त्यालाच असा जामीन लागतो.

पुढे जामिनाची गरज उरली नाही. पैगंबरांचे सहकारी इब्न मसूद यांच्या नावे सांगितल्या जाणाऱ्या कुराणाच्या पाठात तर याच तिसऱ्या सूरेत, जिथे धर्माचं नाव 'इस्लाम' येतं, तिथे 'हनीफिय्या' आहे.