रुग्णालय कर्मचारी : दिव्यांगांसाठी समान संधी धोरण

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २१ नुसार भारतातील प्रत्येक रुग्णालयाला, सरकारी असो वा खासगी, असे धोरण जाहीर करावे लागते. वीस किंवा अधिक कर्मचारी असल्यास खासगी रुग्णालयानेही त्यात दिव्यांगांना योग्य पदे, निवडपद्धत, साहाय्यक साधने व संपर्क अधिकारी यांचा तपशील द्यायचा असतो. सरकारी सेवेत असताना अपंगत्व आलेल्यास कलम २० अन्वये कामावरून काढता येत नाही. आधीच्या पदाचे काम जमत नसेल, तर तीच वेतनश्रेणी राखून दुसरे पद द्यावे लागते. ऐकू कमी येणाऱ्या परिचारिकेला आवाज वाढवणारा स्टेथोस्कोप आणि सहकाऱ्यांचे ओठ दिसतील असे पारदर्शक मास्क मिळाले, तर ती वॉर्ड नीट सांभाळते. खरी उपेक्षा सफाई, सुरक्षा, स्वयंपाकघरातील कंत्राटी कामगारांची होते. ठेकेदार कंपनीही कायद्याने आस्थापनाच आहे, म्हणजे कलम २१ तिलाही लागू होते; समान संधी धोरणाची अट रुग्णालयांनी निविदेतच घालावी.