ग्रुप कॅप्टन दिलीप परुळकर : युद्धबंद्याचे पलायन आणि नावाची नोंद

निवृत्त ग्रुप कॅप्टन दिलीप परुळकर यांचे १० ऑगस्ट २०२५ रोजी पुण्यात निधन झाले. १९६५ व १९७१ या दोन्ही युद्धांत लढलेल्या या वैमानिकाचे नाव सामान्यतः रावळपिंडीच्या छावणीतून त्यांनी केलेल्या पलायनाशी जोडले जाते. त्या पलायनावर फेथ जॉन्स्टन यांचे इंग्रजी पुस्तक आहे, चित्रपटही निघाला. परंतु साहसकथा म्हणून गाजलेल्या या प्रसंगात युद्धबंद्याच्या स्थितीविषयी जे शिकण्यासारखे आहे त्याकडे अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही. बंद्याचे संरक्षण त्याच्या शौर्यापेक्षा त्याच्या नावाच्या नोंदीवर अधिक अवलंबून असते, हे या प्रसंगातून स्पष्ट होते.

१९६५ च्या युद्धात शत्रूच्या गोळीबारात परुळकरांच्या उजव्या खांद्याला जखम झाली. विमानातून उडी घेण्याचा सल्ला मिळूनही त्यांनी ते क्षतिग्रस्त विमान तळावर परत आणले व वायुसेना पदकाचे मानकरी ठरले. १० डिसेंबर १९७१ रोजी मात्र त्यांचे सुखोई-७ विमान पाडले गेले आणि ते पाकिस्तानच्या हाती लागले.

युद्ध १७ डिसेंबरला थांबले. सक्रिय संघर्ष संपताच बंद्यांना विनाविलंब मुक्त करावे, असे १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा कराराचे ११८ वे कलम सांगते. प्रत्यक्षात भारताच्या ताब्यातील सुमारे ९३,००० पाकिस्तानी बंद्यांचा प्रश्न वाटाघाटींत अडकला होता. २ जुलै १९७२ च्या सिमला करारानेही बंद्यांच्या परतीची तारीख ठरविली नाही, केवळ पुढील चर्चेचे आश्वासन दिले. सुटका केव्हा होईल हे रावळपिंडीतील भारतीय वैमानिकांना कोणीच सांगू शकत नव्हते. पलायनाचा विचार परुळकरांच्या मनात पूर्वीपासून होता, हे खरे. पण ज्या परिस्थितीत तो अमलात आला ती राजकारणाने निर्माण केलेली होती.

१३ ऑगस्ट १९७२ च्या पहाटेपूर्वी, वादळी पावसात, परुळकर, मालविंदरसिंग ग्रेवाल व हरीश सिंहजी हे तिघे खोलीची भिंत पोखरून बाहेर पडले. बसने पेशावर आणि तेथून खैबर खिंडीच्या मार्गाने लंडीकोतल, असा त्यांचा प्रवास झाला. अफगाण सीमा आता अवघ्या काही मैलांवर होती. तेथे त्यांनी लंडीखाना स्थानकाची चौकशी केली आणि ते संशयास पात्र ठरले, कारण लंडीखान्यापर्यंतची रेल्वे १९३२ मध्येच बंद झाली होती! नकाशात उरलेल्या, पण जमिनीवर चाळीस वर्षांपूर्वी बंद पडलेल्या एका स्थानकाने त्यांचा घात केला. जुन्या नकाशांवर विसंबणाऱ्या आम्हा इतिहासाच्या अध्यापकांनाही हा तपशील अस्वस्थ करणारा आहे.

यानंतरचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आपण पाकिस्तानी वायुसैनिक आहोत असे तहसीलदारास सांगून परुळकरांनी स्क्वॉड्रन लीडर उस्मान हमीद यांच्याशी दूरध्वनीवर बोलू देण्याचा आग्रह धरला. उस्मान हे छावणीचे पूर्वीचे प्रमुख असून त्या वेळी पाकिस्तानी वायुसेनाप्रमुखांचे ए.डी.सी. होते. ते या तिघांना ओळखत होते. अनोळखी सरहद्दीवर हेर म्हणून जिवास मुकण्याची शक्यता असताना, आपण कोण आहोत हे जाणणारा अधिकारी गाठणे हाच जगण्याचा मार्ग होता. उस्मान यांनीही प्रकार ओळखून तिघांना इजा होऊ नये अशी व्यवस्था केली. पकडलेल्या पलायकास केवळ शिस्तभंगाची शिक्षा देता येते, असे त्याच कराराचे ९२ वे कलम सांगते. मात्र ते कलम लागू होण्यासाठी समोरचा माणूस युद्धबंदी आहे हे आधी कोणीतरी मान्य करावे लागते. पुढे तिघांची रवानगी लायलपूरच्या तुरुंगात झाली. १ डिसेंबर १९७२ रोजी भारतीय बंदी वाघा सीमेवरून परतले, त्यांत हे तिघेही होते. पलायनातील पुढाकाराबद्दल परुळकरांना विशिष्ट सेवा पदक देण्यात आले.

ज्यांच्या अस्तित्वास अशी मान्यता मिळालीच नाही, त्यांचे काय झाले? ५ डिसेंबर १९७१ रोजी फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे यांचे विमान पाडले गेले. पकडलेल्या भारतीय वैमानिकांच्या तत्कालीन पाकिस्तानी वृत्तात ‘टॉम्बे’ असे एक नाव आले होते, परंतु मुक्त झालेल्यांत तांबे नव्हते. असे चौपन्न सैनिक बेपत्ता युद्धबंदी म्हणून भारताच्या यादीत आहेत, तर आपल्या तुरुंगांत असे कोणीही नाही ही पाकिस्तानची भूमिका आहे. तांबे यांच्या पत्नी दमयंती या राष्ट्रीय विजेत्या बॅडमिंटनपटू. विवाहास तेव्हा दोन वर्षेही झाली नव्हती. २००७ मध्ये पाकिस्तानातील तुरुंगांना भेट देणाऱ्या नातेवाइकांच्या पथकात त्याही होत्या. त्या शोधातून काही निष्पन्न झाले नाही.

परुळकरांची कहाणी आज आपण सांगू शकतो, कारण ते परतले आणि बोलले. धरमपेठेपासून जवळच, वायुसेनानगरात, वायुसेनेच्या अनुरक्षण कमानीचे मुख्यालय आहे. त्या पिढीचे सैनिक आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करण्याचे काम येथील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांना हाती घेता येईल, आणि प्रत्येक मुलाखतीत विचारावयाचा पहिला प्रश्न असा असावा : तुमच्याबरोबर कोण कोण होते?