गैरहजेरीतला हुकूमनामा : घरातला संगीत-सर्व्हर आणि डीफॉल्ट सेटिंगचा इतिहास (थ्रेड)

१/
‘भीमसेन जोशी’ हे नाव देवनागरीत लिहून आजच्या रूढ यूटीएफ-८ संकेतनात मोजले, तर ते ३१ बाइटचे भरते. १० देवनागरी चिन्हे प्रत्येकी ३ बाइटची, आणि मधल्या मोकळ्या जागेचा १ बाइट. एमपी३ फाइलीत कलाकाराचे नाव लिहिण्यासाठी १९९६ साली जो खण आखला गेला, तो मात्र ३० बाइटचा होता. एका बाइटसाठी नाव अडते. ‘शी’ची वेलांटी अर्धवट तुटते आणि पडद्यावर तिच्या जागी निरर्थक खूण उमटते.

२/
हा खण कोणी आकसाने लहान ठेवला नव्हता. तो आखणाऱ्यासमोर रोमन लिपी होती आणि तिच्यात ३० अक्षरे पुष्कळ होती. पण ज्यांची नावे त्यात पुढे कोंबली जाणार होती, ते निर्णयाच्या वेळी हजर नव्हते. घरात संगीत साठवून ठेवणाऱ्या आणि खोल्याखोल्यांतून ते वाजवणाऱ्या प्रोग्रामांचा इतिहास अशाच निर्णयांचा आहे. वापरणाऱ्याने काहीच निवडले नाही तर काय व्हावे, हे आधीच कोणीतरी ठरवून ठेवलेले असते. त्यालाच डीफॉल्ट सेटिंग म्हणतात.

३/
‘डीफॉल्ट’ हा शब्द संगणकाच्या कितीतरी आधीपासून न्यायालयात होता. मूळ जुन्या फ्रेंचमधला. अर्थ उणीव, कसूर. पक्षकार तारखेला हजर राहिला नाही तर त्याच्या गैरहजेरीत निकाल दिला जाई. आपल्याकडे त्याला एकतर्फी हुकूमनामा म्हणतात. मात्र १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत आदेश ९, नियम १३ असा आहे की, समन्स नीट बजावले गेले नव्हते किंवा गैरहजेरीला पुरेसे कारण होते हे दाखवले, तर असा हुकूमनामा रद्द करून घेता येतो.

४/
कायद्याचे हे शहाणपण सेटिंगांनाही लागू पडते. गैरहजर माणसाच्या वतीने निर्णय घेणे टळत नाही. प्रत्येक प्रोग्रामला कुठूनतरी सुरुवात करावीच लागते. प्रश्न तीनच. हा निर्णय झाल्याचे त्या माणसाला कळेल का? कळल्यावर तो फिरवता येईल का? आणि कळेपर्यंतच्या काळात त्याचे काही कायमचे हरवणार तर नाही? या तीन कसोट्या हाती धरून हा इतिहास पाहिला, की समंजस डीफॉल्ट कोणता आणि नुसता सोयीचा कोणता, हे वेगळे काढता येते.

५/
पहिला प्रश्न नावाचा. नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गाइसबर्ग यांनी गौहर जान यांचे गाणे ध्वनिमुद्रित केले. तबकड्या छापल्या जाणार होत्या जर्मनीतील हॅनोव्हरला. तिथल्या कारागिरांना गाणारी कोण हे कसे कळावे? म्हणून गाणे संपताच गौहर जान स्वतःचे नाव इंग्रजीत उच्चारत. नाव ध्वनीतच कोरले गेल्यामुळे तबकडीवरचा कागद फाटला, तरी गायिका अनामिक होत नसे.

६/
जवळपास शतकभराने एमपी३ फाइलींपुढे तीच अडचण उभी राहिली. ध्वनी होता, पण तो कोणाचा हे लिहायला जागा नव्हती. १९९६ मध्ये एरिक केम्प यांनी उपाय काढला. फाइलीच्या अगदी शेवटी १२८ बाइटची एक पट्टी जोडायची : शीर्षक ३०, कलाकार ३०, अल्बम ३०, वर्ष ४, शेरा ३०, प्रकार १ आणि ओळख पटवणारी ३ अक्षरे. हीच आयडी३ पट्टी. ती शेवटी ठेवण्याचे कारण, जुन्या प्लेअरांना तिचा अडथळा होऊ नये. पुढे १९९७ मध्ये शेऱ्याच्या खणातून २ बाइट काढून गाण्याच्या क्रमांकाची सोय झाली.

७/
संगीतप्रकाराला मिळाला होता एकच बाइट. त्यात नाव लिहिता येत नसे, फक्त आकडा. आकड्यांची यादी ठरलेली होती. प्रकार ८०, क्रमांक ० ते ७९. त्यात पोल्का होता, ग्रंज होता, थट्टामस्करीच्या ध्वनिफितींसाठीही स्वतंत्र क्रमांक होता. ख्याल, अभंग, नाट्यसंगीत यांपैकी काही नव्हते. शिवाय क्रमांक ० म्हणजे ब्लूज. एखाद्या प्रोग्रामने तो बाइट शून्यावरच सोडला, तर मालकौंसाचा ख्याल वाचणाऱ्या प्रोग्रामच्या लेखी ब्लूज ठरे.

८/
‘माहीत नाही’ आणि ‘ब्लूज’ यांतला फरक इथे पुसला गेला. खरे तर यादीबाहेरचा २५५ हा आकडा ‘प्रकार दिलेला नाही’ यासाठी वापरता येत होता. पण त्यासाठी प्रोग्राम लिहिणाऱ्याने तो आठवणीने भरायला हवा. डीफॉल्टचा पहिला धडा यातून निघतो. न भरलेला खण न भरलेलाच दिसला पाहिजे. अज्ञाताला एखादे नाव चिकटवणे म्हणजे समन्स न बजावता निकाल देणे.

९/
१९९८ पासून आयडी३ची दुसरी आवृत्ती आली. खणांची ताठर लांबी गेली आणि २००० सालच्या २.४ या आवृत्तीत यूटीएफ-८ लाही स्थान मिळाले. देवनागरीची अडचण कागदोपत्री मिटली. पण दुसरीच एक गंमत घडली. मुख्य कलाकाराच्या खणाशेजारी ‘बँड, वाद्यवृंद, साथसंगत’ यांसाठी एक खण राखलेला होता. पुढे आयट्यून्ससह अनेक प्रोग्रामांनी तोच खण ‘अल्बमचा कलाकार’ म्हणून वापरायला सुरुवात केली.

१०/
त्यांची गरज खरी होती. चित्रपटाच्या एका ध्वनिफितीत चार गायक असतात. सर्व्हरने नुसत्या गायकाच्या नावाने गठ्ठे बांधले, तर एकाच चित्रपटाची गाणी चार ठिकाणी विखुरतात. अल्बम एकसंध ठेवणारा खण हवा होता आणि साथसंगतीचा खण बहुतेक रिकामा पडलेला असे. मात्र हिंदुस्थानी संगीताच्या दृष्टीने ही जागा रिकामी नव्हती. तबला आणि हार्मोनियम कोणी वाजवली हे लिहिण्याची ती हक्काची जागा होती. ती दुसऱ्याच्या नावावर चढली आणि साथीदार पुन्हा शेऱ्यात ढकलले गेले.

११/
या पार्श्वभूमीवर घरगुती सर्व्हर जन्माला आले. २००१ मध्ये शॉन ॲडम्स यांच्या स्लिम डिव्हायसेस या कंपनीने ‘स्लिम्प३’ हे छोटे यंत्र आणले. गाणी घरातल्या संगणकावर, आवाज दिवाणखान्यात. त्याचा सर्व्हर-प्रोग्राम पर्ल भाषेत लिहिलेला आणि मुक्तस्रोत होता. २००३ मध्ये वॉरन ड्यूक्स यांनी म्युझिक प्लेअर डेमन, म्हणजे एमपीडी, प्रसिद्ध केला. त्याला स्वतःचा पडदाच नव्हता. तो मागे राहून गाणी वाजवी. आज्ञा देण्यासाठी दुसरा कुठलाही प्रोग्राम चाले.

१२/
एमपीडीच्या रचनेत एक मोलाचा संयम आहे. तो फाइलींवरच्या पट्ट्या वाचतो आणि आपली सूची वेगळ्या ठिकाणी ठेवतो. मूळ फाइलीत काहीही लिहीत नाही. हा संयम किती महत्त्वाचा, हे घरात आजोबांच्या कॅसेटींवरून उतरवलेल्या मैफली असतील तर चटकन उमगते. तिथे फाइलीवरचे वेडेवाकडे नावही पुरावा असते. ‘सुधारणा’ म्हणून सर्व्हरने ती नावे आपणहून बदलली, तर मैफल कुठली आणि साथीला कोण याचा एकमेव धागा तुटू शकतो. सूची पुन्हा बांधता येते. पुसलेली नोंद पुन्हा मिळत नाही.

१३/
दुसरा प्रश्न आवाजाच्या पातळीचा. १९९० च्या दशकात सीडी अधिकाधिक मोठ्या आवाजात तयार होऊ लागल्या. जुने आणि नवे ध्वनिमुद्रण एकापाठोपाठ लावले, की श्रोता सारखा आवाजाच्या बटणाकडे धावे. २००१ मध्ये डेव्हिड रॉबिन्सन यांनी ‘रिप्लेगेन’ ही पद्धत सुचवली. गाणे किती मोठे भासते हे मोजायचे आणि किती कमी-जास्त करायचे तो आकडा पट्टीत टिपून ठेवायचा. ध्वनी जसाच्या तसा राहतो, बदल होतो तो फक्त वाजवताना. आकडा दुर्लक्षिला की मूळ आवाज परत. हुकूमनामा रद्द करण्याची सोय निकालातच होती.

१४/
रिप्लेगेनचे आकडे दोन : एक सुट्या गाण्याचा, एक संपूर्ण अल्बमचा. हा भेद ख्यालाला फार जवळचा आहे. विलंबिताची संथ, दबकी सुरुवात आणि द्रुताचा भर हे दोन भागांत साठवलेले असतील आणि प्रत्येक भाग स्वतंत्रपणे समपातळीत आणला, तर गायकाने रचलेला चढ सपाट होतो. एमपीडीतील ‘ऑटो’ हा पर्याय यावर उतारा आहे. गाणी क्रमाने वाजत असतील तर अल्बमचा आकडा, क्रम मोडून वाजत असतील तर गाण्याचा. कोणालाही न विचारता दोघांचे हित पाहणारा हा निर्णय. पण तो आपणहून चालू नसतो, निवडावा लागतो.

१५/
तिसरा प्रश्न नमुनादराचा. सीडीचा दर सेकंदाला ४४,१०० नमुने. हा आकडा कानाने पूर्णपणे ठरवलेला नाही. सुरुवातीला डिजिटल ध्वनी व्हिडिओटेपवर साठवत. अमेरिकी पद्धतीत २४५ वापरण्याजोग्या रेषा, सेकंदाला ६० क्षेत्रे, प्रत्येक रेषेत ३ नमुने, गुणाकार ४४,१००. युरोपीय पद्धतीत २९४ रेषा, ५० क्षेत्रे, ३ नमुने, गुणाकार तोच. टेप गेल्या, आकडा उरला. तिकडे १९९७ पासून एसी-९७ या मानकाची ध्वनियंत्रणा असलेले संगणक ४८,००० या दरावर स्थिरावले.

१६/
परिणामी कित्येक घरांत सीडीवरून उतरवलेले प्रत्येक गाणे वाजताना एका दरातून दुसऱ्यात रूपांतरित होत राहिले, आणि घरातल्या कोणालाही त्याची गंधवार्ता नव्हती. कानाला फरक जाणवो वा न जाणवो, कसोटी तीच आहे. यंत्र मूळ दर पेलू शकत असेल तर ध्वनी जसा आहे तसा पाठवणे, हा समंजस डीफॉल्ट. दोन गाण्यांचे टोक एकमेकांत विरघळवणारा क्रॉसफेडही याच न्यायाने सुरुवातीला शून्यावर असावा. सम येण्याआधीच पुढचे गाणे घुसवण्याचा अधिकार प्रोग्रामला कोणी दिलेला नाही.

१७/
चौथा प्रश्न सर्वांत गंभीर : घर कुठे संपते? एप्रिल २००३ मध्ये ॲपलच्या आयट्यून्स ४ मध्ये आपली गाणी दुसऱ्या संगणकावर ऐकवण्याची सोय आली. कल्पना घरापुरती होती. पण पत्ता टाकला की इंटरनेटवरून कोणालाही ती गाणी ऐकता येत. लोकांनी सताड उघडी दालने थाटली. महिन्याभरात, मे २००३ मध्ये, आलेल्या ४.०.१ या आवृत्तीने हे दार स्थानिक जाळ्यापुरते मर्यादित केले. जे प्रामाणिकपणे स्वतःच्याच गाण्यांसाठी ते वापरत होते, त्यांचीही सोय त्याबरोबर गेली.

१८/
एमपीडीपुढेही हाच पेच होता. परवलीचा शब्द ठेवला नाही, तर जो सर्व्हरपर्यंत पोहोचेल त्याला सर्व अधिकार मिळतात. म्हणून डेबियन या लिनक्स-वितरणाने त्याची संरचना-फाइल देताना सर्व्हर केवळ त्याच संगणकावरून येणाऱ्या आज्ञा ऐकेल असे ठेवले. नवख्याला यामुळे पहिल्या दिवशी अडखळायला होते. फोन सर्व्हरशी जोडला जात नाही. पण ही अडचण लगेच दिसते आणि एका ओळीने सुटते. उलट सताड उघडे दार कित्येक वर्षे लक्षातच येत नाही. बंद दाराची चूक स्वतःहून कळते, उघड्या दाराची दुसऱ्याकडून.

१९/
या सगळ्याचा कस २०१२ नंतर लागला. स्लिम डिव्हायसेस २००६ मध्येच लॉजिटेकने विकत घेतली होती. २०१२ मध्ये तिची स्क्वीझबॉक्स यंत्रे बंद झाली. पुढे २०२४ मध्ये कंपनीची ऑनलाइन सेवाही थांबली. तरी घराघरांतली जुनी यंत्रे वाजत राहिली. कारण गाणी घरात होती, सर्व्हर घरात होता आणि त्याचा कोड सर्वांसाठी खुला होता. हौशी मंडळींनी तो जोपासला आणि २०२४ मध्ये ‘लिरिऑन म्युझिक सर्व्हर’ हे नवे नाव धारण करून तो पुढे चालू लागला.

२०/
तेव्हा घरच्या सर्व्हरसाठी इतिहासाने घालून दिलेली शिस्त थोडकी आहे. मूळ फाइलींना हात लावू नये. अज्ञात ते अज्ञातच दाखवावे. अल्बम एकसंध ठेवावा, पण साथीदारांची नावे गिळू नयेत. आवाजाची पातळी आकड्याने सांभाळावी, ध्वनी कापून नव्हे. दर बदलू नये, गाण्यांची टोके मिसळू नयेत. दार घरापुरतेच उघडावे. आणि जे काही ठरवले आहे ते पहिल्याच दिवशी, साध्या भाषेत, एका पानावर मांडावे. समन्स बजावणे ते हेच.

२१/
गौहर जान यांनी आपले नाव स्वतःच्या आवाजात तबकडीत घातले, म्हणून ते कोणत्याही खणात बसण्यावर अवलंबून राहिले नाही. नंतरच्या कलाकारांची नावे खण आखणाऱ्यांच्या हाती गेली. आज घरात जुन्या मैफली जतन करणारा प्रत्येकजण छोटासा अभिलेखपाल आहे, आणि त्याच्या सर्व्हरची सेटिंगे हे त्या अभिलेखागाराचे नियम आहेत. ते एकदा उघडून वाचायला हवेत. तो ३१ वा बाइट कुठे गळतो आहे, हे तिथेच कळते.